घराची किंमत आणि कागदाची भाषा

बेळगावच्या बाजारपेठेत दोन भाषा एकाच गल्ल्यावर नांदतात. खडेबाजारातील दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत भाव ठरवतो, दुसऱ्याशी कन्नडमध्ये बोलतो आणि रात्री दुकान वाढवताना दोघांचा हिशेब एकाच वहीत मांडतो. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. त्यामुळे येथील जुन्या घरांची कागदपत्रे मराठीत, त्याहून जुनी मोडीत आणि अलीकडची कन्नडमध्ये अशी एकाच मिळकतीच्या फायलीत सापडतात. व्यवहाराचे काही शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखे आहेत. नोंदणी, मुद्रांक शुल्क, जामीनदार हे शब्द कोणालाच परके वाटत नाहीत. मात्र सारखा दिसणारा प्रत्येक शब्द सारख्या अर्थाचा असतोच असे नाही. मराठीत 'साल' म्हणजे वर्ष. कन्नडमध्ये 'साल' म्हणजे कर्ज.

बाजारात बोलण्यापुरती दुसरी भाषा येणे आणि त्या भाषेतील कागद वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिऱ्हाइकाशी अस्खलित कन्नड बोलणारे कित्येक व्यापारी कन्नड लिपी वाचू शकत नाहीत. दुकानाच्या व्यवहारात त्यामुळे फारसे अडत नाही. घर घेताना मात्र अडते. कारण घर हा बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा सौदा असतो आणि तो तोंडी होत नाही. कापडाच्या गाठीवर मीटरमागे आठ आणे जास्त पडले, तर जागेवर हरकत घेणारा व्यापारी घराच्या कागदांवर मात्र 'येथे सही करा' एवढ्या सूचनेवर तीस-चाळीस सह्या करून मोकळा होतो. ही विसंगती किती महाग पडू शकते, हे गेल्या वर्षी शहरातील एका कापड व्यापारी कुटुंबाने जवळून पाहिले.

कुटुंब चौघांचे. वडील, आई, दुकान सांभाळणारा मुलगा आणि दोन वर्षांपूर्वी धारवाडहून आलेली सून. घरातील भाषा मराठी. सुनेचे शिक्षण कन्नड माध्यमातील. जुन्या वाड्यातील दोन खोल्या अपुऱ्या पडू लागल्या, म्हणून टिळकवाडीच्या बाजूस एका राहत्या इमारतीतील फ्लॅट पाहण्यात आला. किंमत ५० लाख ठरली. वडिलांचा हिशेब सरळ होता. बँक ४० लाख देईल, १० लाख घरचे घालायचे. नोंदणीसाठी तीस हजार आणि किरकोळ खर्चाला आणखी थोडे. व्यवहार ऑगस्ट २०२५ मध्ये पुरा करायचा, म्हणजे दिवाळीच्या खरेदीसाठी हात मोकळे राहतील.

हा तीस हजारांचा आकडा कोल्हापूरहून आला होता. त्यांच्या बहिणीने तेथे घर घेतले, तेव्हा नोंदणी फी ३०,००० रुपयेच पडली होती, आणि ते खरेही होते. महाराष्ट्रात नोंदणी फी एक टक्का असली, तरी तिला ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. निवासी मिळकत स्त्रीच्या नावे घेतल्यास तेथे मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही मिळते. परंतु कोगनोळीची सीमा ओलांडली की नियम बदलतात. कर्नाटकात अशी कमाल मर्यादा नाही आणि स्त्री खरेदीदारासाठी तशी सवलतही नाही. ४५ लाखांहून अधिक किमतीच्या मिळकतीवर मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्या शुल्काच्या १० टक्के उपकर आणि शहरी भागात २ टक्के अधिभार. सर्व मिळून ५.६ टक्के. नोंदणी फी ऑगस्टमध्ये १ टक्का होती. आकारणी ठरलेल्या किमतीवर किंवा सरकारच्या मार्गदर्शी मूल्यावर, यांपैकी जे अधिक असेल त्यावर होते. नातेवाइकांचा अनुभव कितीही प्रामाणिक असला, तरी तो त्यांच्या राज्यापुरता खरा असतो. दोन्ही राज्यांत सोयरीक असलेल्या कुटुंबांना एवढी गोष्ट सहज विसरायला होते.

दुसरा गैरसमज बँकेविषयीचा होता. बँक ८० टक्के देते, म्हणजे एकूण खर्चाच्या ८० टक्के देते, असे पुष्कळांना वाटते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च मात्र या मूल्यात धरला जात नाही. घराची किंमत १० लाखांपर्यंत असेल, तेवढाच अपवाद. म्हणजे हा सर्व खर्च कुटुंबाने स्वतःच्या गंगाजळीतून, तोही नोंदणीच्या दिवशी, उभा करायचा असतो.

व्यवहार पूर्ण झाला तेव्हा वहीत पुढील आकडे पडले. मुद्रांक शुल्क, उपकर व अधिभार मिळून २,८०,००० रुपये. नोंदणी फी १,००,०००. दलाली एक टक्क्याने ५०,०००. वकील, खरेदीपत्राचा मसुदा, बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि मूल्यांकन मिळून ४५,०००. वीज-पाण्याची कामे, रंग आणि दुरुस्ती १,७५,०००. बेरीज साडेसहा लाख. घरचे १० लाख समजले होते, ते साडेसोळा लाख झाले. शिवाय किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असली, की एक टक्का आयकर खरेदीदाराने विक्रेत्याच्या रकमेतून कापून सरकारात भरायचा असतो. तो विक्रेत्याचाच पैसा. मात्र कापण्याची आणि भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची. ती चुकली, तर व्याज व दंड खरेदीदाराला सोसावा लागतो.

हा फ्लॅट जुन्या मालकाकडून घेतलेला असल्याने वस्तू व सेवा कराचा प्रश्न आला नाही. बांधकाम चालू असलेले घर घेणाऱ्यांनी तो हिशेबात धरला पाहिजे. तो साधारणपणे ५ टक्के असतो. ४५ लाखांपर्यंतच्या आणि बेळगावसारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र असलेल्या परवडणाऱ्या घरांवर १ टक्का.

वरील यादीतील नोंदणी फी एक लाख कशी झाली, ही या कुटुंबाच्या कथेतील खरी गोष्ट आहे.

विसार देण्याचा दिवस ठरला होता. आदल्या रात्री विक्रेत्याने दिलेली कागदांची पिशवी जेवणघरात पडलेली होती. सुनेने सहज त्यातील ई.सी. वाचायला घेतली. मिळकतीवर कोणकोणते नोंदणीकृत व्यवहार झाले, हे सांगणारा हा दाखला कर्नाटकात नोंदणी खात्याच्या 'कावेरी' संकेतस्थळावरून काढता येतो. व्यवहार असल्यास तो नमुना १५ मध्ये आणि काहीच नसल्यास नमुना १६ मध्ये मिळतो. कन्नडमध्ये त्याला ऋणभाराचा दाखला म्हणतात. मराठी माणसालाही तो शब्द ऐकताच कळावा. परंतु लिपी वाचता आली तरच तो ऐकू येणार.

"मामा, यात एका पतसंस्थेचं गहाण दिसतंय," ती सासऱ्यांना म्हणाली. "पुढे ते सोडवल्याची नोंद कुठे नाही."

सासरे म्हणाले, "त्यांनी कर्ज केव्हाच फेडलंय, गं. माणूस ओळखीचा आहे. आणि बँकेचा वकील बघणारच आहे ना?"

"बँकेचा वकील पुढच्या आठवड्यात बघेल. विसाराचे पाच लाख तर आपण उद्याच देणार."

घरात थोडी शांतता पसरली. नव्या सुनेने सौद्याच्या आदल्या रात्री शंका काढावी, हे वडिलांना रुचले नव्हते. अखेर सासूबाईच म्हणाल्या, "अहो, ती वाचून सांगतेय. आपल्यापैकी कुणी वाचलंय का?" त्या एका प्रश्नाने विसार थांबला.

विक्रेता खरोखरच प्रामाणिक निघाला. त्याने दुकानासाठी घेतलेले कर्ज नऊ वर्षांपूर्वी फेडले होते, शेवटच्या हप्त्याची पावतीही जपून ठेवली होती. मात्र गहाण सोडवल्याचा दस्त त्याने नोंदवून घेतला नव्हता. संस्थेकडून येणे नसल्याचा दाखला, तिच्या अधिकाऱ्यांच्या सह्या आणि तो दस्त नोंदवणे यांत तीन आठवडे गेले. या अवधीत ३१ ऑगस्ट २०२५ उजाडला आणि कर्नाटक सरकारने त्या दिवसापासून नोंदणी फी १ टक्क्यावरून २ टक्के केली. पन्नास हजारांच्या जागी एक लाख द्यावे लागले.

सुनेच्या वाचनाने पन्नास हजार घालवले, असे म्हणणारे नातेवाईक भेटले. हिशेब वरवर बिनतोड आहे. पण तो अर्धाच आहे. गहाणाची नोंद कायम असताना विसार दिला गेला असता आणि संस्थेने काही जुनी येणी पुढे केली असती, तर पाच लाख अडकून पडले असते आणि बँकेनेही कर्ज थांबवले असते. पन्नास हजार ही त्या तीन आठवड्यांची किंमत होती. तीन आठवड्यांपूर्वीच, म्हणजे घर पसंत पडले त्या दिवशीच, ई.सी. वाचली गेली असती तर ती किंमतही पडली नसती. वाचणारी व्यक्ती घरातच होती. तिला कोणी विचारले नव्हते.

दलालाने मधल्या काळात एक जुनी युक्तीही सुचवली. खरेदीपत्र ४० लाखांचे करावे, १० लाख रोखीने द्यावेत. जुन्या दराने ६६,००० रुपये वाचले असते. हा सल्ला व्यापारी घरांना नवा नाही, म्हणून त्याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. बँक कर्ज देते ते कागदावरील किमतीवर. ४० लाखांवर ८० टक्के म्हणजे ३२ लाख. म्हणजे घरातून १० ऐवजी १८ लाख काढावे लागतील. पुढे घर विकताना खरेदी किंमत ४० लाखच धरली जाईल आणि नफा तेवढा वाढून दिसेल. शिवाय स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने बंदी आहे आणि स्वीकारणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी नुसत्या व्यापाराच्या दृष्टीनेही हा सौदा तोट्याचा ठरतो.

हेच तत्त्व उत्पन्नालाही लागू पडते. पगारदाराचे उत्पन्न बँकेला पगारपत्रकावर दिसते. व्यापाऱ्याचे दोन-तीन वर्षांच्या आयकर विवरणपत्रांत. दुकानाची उलाढाल कितीही मोठी असो, विवरणपत्रातील नफा लहान असेल तर कर्जही लहानच मिळते. जे उत्पन्न कराच्या कागदावर नाही, ते बँकेच्या कागदावरही नसते. घर घेण्याची तयारी म्हणूनच घर शोधण्याच्या तीन वर्षे आधी, विवरणपत्रापासून सुरू होते.

या कुटुंबाची विवरणपत्रे स्वच्छ होती. तुटवडा होता तो साडेसहा लाखांचा. वडिलांचा पहिला विचार दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून रक्कम उचलण्याचा होता. बहुतेक व्यापारी असाच विचार करतात, कारण ते खाते हाताशी असते. परंतु ती मर्यादा दुकानातील माल आणि येणी यांच्या तारणावर, दुकानासाठीच मंजूर झालेली असते. ती घरात घातली, तर बँकेच्या दृष्टीने पैसा अन्यत्र वळवला असे होते. त्याहून मोठे संकट बाजारातले. दिवाळीच्या तोंडावर इचलकरंजी-सुरतेची देणी थकली असती. बँकेतील पत आकड्यांनी मोजतात. पेठेतील पत वेळेवर पोचलेल्या पैशाने मोजतात, आणि एकदा उणावली की ती भरून यायला हंगाम लोटावे लागतात. अखेर सासूबाईंच्या नावची मुदत ठेव मोडण्यात आली, आणि रंग-दुरुस्तीचे काम दिवाळीनंतर करायचे ठरले. घर सासूबाई आणि मुलगा यांच्या नावे घेतले होते. कर्जात तिघांची नावे होती.

सही करण्याच्या दिवशी सासूबाईंनी मराठी कागद मागितला. हा हट्ट नव्हता. तो कर्जदाराचा हक्क आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी बँकेने कर्जदाराला 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जातील मुख्य बाबींचा तक्ता, दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. व्याज आणि सर्व शुल्के धरून पडणारा वार्षिक दर, हप्त्यांचे वेळापत्रक, विम्यासारखे इतर आकार हे सारे त्यात यावे लागते. तो तक्ता कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा, त्यातील मजकूर समजावून सांगावा आणि तसे केल्याची पोच घ्यावी, असेही त्यात म्हटले आहे. तक्त्यात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे लावता येत नाही. विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. सीमाभागातील शहरात हा नियम इतर कोठल्याही शहराहून अधिक मोलाचा आहे. पण तो मागितल्याशिवाय क्वचितच आठवतो.

दोन दिवसांनी मराठी तक्ता आला. सासूबाईंनी चष्मा लावून तो ओळीओळीने वाचला आणि एका आकड्यावर बोट ठेवले. ४० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षे. महिन्याचा हप्ता ३४,७१३ रुपये आणि एकूण परतफेड ८३ लाखांहून अधिक.

"मॅडम, चाळीसाचे त्र्याऐंशी कसे?"

"काकू, वीस वर्षांचं व्याज आहे ते. मुदत पंधरा वर्षांची केली, तर हप्ता ३९,३९० होईल, पण एकूण सुमारे ७१ लाखच भरावे लागतील."

महिन्याला ४,६७७ रुपये जास्त आणि एकंदरीत १२ लाखांहून अधिक बचत. सासूबाईंनी मुलाकडे पाहिले. मुदत पंधरा वर्षांची झाली. त्याच तक्त्यात कर्जाशी जोडलेल्या विम्याचा एकरकमी हप्ता कर्जाच्या रकमेतच मिळवलेला होता. कर्ता माणूस गेला तर घर टिकावे, म्हणून विमा आवश्यकच. पण तो त्याच बँकेकडून आणि कर्जात मिळवूनच घेतला पाहिजे, असे बंधन नसते. मुलाने मुदतीचा विमा स्वतंत्र घेतला आणि त्या रकमेवरील पंधरा वर्षांचे व्याज वाचले.

व्यापारी कुटुंबासाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. व्यापाऱ्याची मिळकत महिन्याच्या एक तारखेला येत नाही. ती लग्नसराईत आणि दिवाळीत येते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जात मुदतीपूर्वी रक्कम भरल्यास दंड आकारता येत नाही. हंगाम चांगला गेला, की थोडी रक्कम मुद्दलात भरावी. सुरुवातीच्या वर्षांत भरलेला रुपया सर्वांत अधिक व्याज वाचवतो. करसवलतीच्या आशेने कर्ज रेंगाळत ठेवण्याचा जुना सल्ला आता तपासून घ्यावा. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावट मिळत नाही.

घर पसंत पडले, की विसार देण्यापूर्वी चार कागद हातात घ्यावेत: खरेदीपत्रांची मालिका, ई.सी., नगरभूमापनाचा उतारा आणि पालिकेचा ई-खाता. ऑक्टोबर २०२४ पासून कर्नाटकातील शहरी मिळकतींच्या नोंदणीस ई-खाता आवश्यक झाला आहे. तो विक्रेत्याच्या नावे तयार नसेल, तर तारीख पुढे जाणार हे समजून चालावे. त्यांपैकी जो कागद वाचता येत नाही, तो वाचणाऱ्याकडून पूर्ण वाचून घ्यावा. सारांश ऐकून थांबू नये. अनेक घरांत असा वाचणारा बाहेर शोधावा लागत नाही. धारवाड, हुबळी, चिकोडीकडून आलेल्या सुना आणि कन्नड शाळेत शिकणारी नातवंडे घरातच असतात. त्यांच्या भाषेला घरात मान असेल, तर ती वेळेवर उपयोगी पडते.

या व्यवहारात सर्वांत विलक्षण स्थिती होती ती विक्रेत्याची. शेवटचा रुपया देऊन झाल्यावरही नऊ वर्षे तो सरकारी दप्तरात कर्जदारच होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. आता बँका आणि गृहवित्त कंपन्यांसाठी नियम झाला आहे. वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत करायची आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे. सहकारी पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत. तेथे पाठपुरावा कर्जदारानेच करायचा असतो. कर्ज फेडल्याचा आनंद शेवटच्या हप्त्याच्या दिवशी होतो. माणूस ऋणमुक्त होतो तो मात्र दप्तरात तशी ओळ पडते त्या दिवशी. ती ओळ कोणत्याही भाषेत असो, ती पडली आहे याची स्वतः वाचून किंवा वाचवून खात्री करून घेईपर्यंत वहीतले ते पान मिटू नये.